आज्जीचा मणका आणि गाडीची स्प्रिंग

"कविता पुष्कळ आल्यात, कुणीतरी कामाचं काही लिहा," असं या अंकाच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, विषय भौतिकशास्त्र, आणि दिवाळीच्या सुट्टीत गाडीखाली झोपलेला माझा फोटो मंडळाच्या ग्रुपवर आधीच फिरून झालेला. तेव्हा हा लेख म्हणजे त्या फोटोचा खुलासा समजावा.

आमची आज्जी जांबोटीच्या अलीकडे एका खेड्यात राहते. मागच्या पावसाळ्यात ती परड्यात घसरून पडली आणि पाठीचा एक मणका दबून त्याला तडा गेला. ऑपरेशन नको म्हणाले, पण दर महिन्याला बेळगावला आणून दाखवायचं. आमच्याकडे २०१० सालची अल्टो आहे. जांबोटीचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी भाजीची, दुधाची वाहनं त्याच रस्त्यानं जातात, आणि पाऊस म्हणाल तर मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीचा शेजार. डांबर टिकणार कसं? दुसऱ्या खेपेला आज्जीनं किणयेजवळ गाडी थांबवायला लावली. खाली उतरून दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, "मला परत हिच्यात घालू नका बाबा. उडायलीय नुसती. मी बसनं येतो बघ."

बसनं येतो म्हणणारी आज्जी बसच्या पायऱ्या चढू शकत नव्हती. म्हणजे ती येणारच नव्हती.

बाबा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर आहेत. मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायला त्यांना कमीपणा वाटतो. "सस्पेन्शन आपण घरी बदलायचं," असं त्यांनी त्याच रात्री जाहीर केलं. मी मदतनीस.

काम सुरू करण्याआधी एक कबुली द्यायला हवी. गाडी इतकी उडायला लागली त्यात आमचाही हात होता. वर्षभरापूर्वी माझ्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या दादानं, गाडीचं सस्पेन्शन 'अपग्रेड' केलं होतं. बाजारात जाड रबराचे बफर मिळतात. गाडीच्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ते ठोकून बसवायचे. गाडी दोन-अडीच सेंटिमीटर वर उचलली जाते, गतिरोधकाला पोट घासत नाही. विकणारा म्हणतो, स्प्रिंगला आधार मिळतो. आपल्या कॉलेजच्या गेटातला गतिरोधक गाडी खरंच न घासता ओलांडायला लागली, तेव्हा आम्ही सगळे खूश होतो.

त्या बफरनं नेमकं काय होतं ते समजायला स्प्रिंगचं गणित बघावं लागतं. रॉबर्ट हुकनं १६७८ साली छापलेला नियम आपण अकरावीला शिकलो: जितकं दाबाल किंवा ताणाल, त्या प्रमाणात विरोध. पण स्प्रिंग किती कडक हे कशावर ठरतं, ते पुस्तकात पुढच्या पानावर असतं आणि बहुतेक जण ते सोडून देतात. वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. तार फक्त दहा टक्के जाड घेतली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक. वेढ्याचा व्यास वाढला तर त्याच्या तिसऱ्या घातानं ती मऊ होते. आणि मोकळे वेढे जितके जास्त तितकी ती मऊ. समजा स्प्रिंगला सहा मोकळे वेढे आहेत. त्यातल्या एका फटीत तुम्ही रबर ठोकलं की तो वेढा जवळजवळ बाद झाला. राहिले पाच. स्प्रिंग वीस टक्के कडक. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणारी पोरं असतात, तीही नकळत हेच करतात. वेढे कमी केले की गाडी बसते आणि कडकही होते.

म्हणजे दादानं आधार दिला नव्हता, स्प्रिंग आखूड केली होती. शिवाय उरलेल्या वेढ्यांवर पीळ जास्त पडतो तो वेगळाच.

कडक झाली तर बिघडलं कुठं? साध्या प्रवासी गाडीच्या स्प्रिंगा अशा बेतलेल्या असतात की गाडीचं अंग सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली व्हावं. साधारण आपल्या चालण्याच्या आसपासची ही लय, शरीराला ओळखीची. माणसाच्या धडाला उभी थरथर सर्वांत जास्त बाधते ती सेकंदाला चार ते आठ वेळांच्या पट्ट्यात. पोट, कणा, सगळं त्या लयीला साथ देऊ लागतं. वीस टक्के कडक स्प्रिंग तुम्हाला एकदम त्या पट्ट्यात नेत नाही, मी हिशेब केला, लय जेमतेम दहा टक्क्यांनी वाढते. पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड जास्त जोरानं आत येतो, आणि स्प्रिंगची दबायची जागा रबरानं खाल्लेली असल्यामुळे मोठ्या खड्ड्यात ती तळाला जाऊन आपटते. तो दणका थेट कण्याला.

आता दुसरा भाग, शॉकअप. आपण सगळे 'शॉकअप' म्हणतो आणि धक्का तोच खातो असं समजतो. नाव चुकीचं पडलंय. धक्का स्प्रिंग खाते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की खाल्लेलं ती पुरतं परत देते. दाबली तेवढी उसळते, मग पुन्हा दबते. ती उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. नळकांड्यात तेल, तेलात एक दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि पातळ पत्र्यांच्या झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, त्यात हालचालीची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो. गाडी उडायची ती ऊर्जा तिथं गेली.

तेलातून दट्ट्या भराभर फिरला की तेलात फेस येतो, आणि फेसातून दट्ट्या सहज जातो, विरोधच राहत नाही. म्हणून वर नायट्रोजन भरतात, दाबाखाली फेस कमी धरतो. 'गॅसचे शॉकअप' म्हणतात ते हे. त्यातही तेल असतंच. नुसत्या गॅसवर गाडी तरंगते अशी समजूत आमच्या गल्लीत पक्की आहे.

यातून एक गोष्ट निघते. गाडीची उंची स्प्रिंग ठरवते, शॉकअप नाही. गाडी एका बाजूला बसली असेल तर शॉकअपवर पैसे घालून उपयोग नाही. उलट गाडी उंचीला बरोबर आहे पण खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, टायर जागोजागी वाटीसारखा झिजलाय, तर शॉकअप गेलेत. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायचं आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळे सांगतात. मला ती अर्धवट वाटते. पुरता मेलेला शॉकअपच तीत सापडतो. आमचा मागचा डावा त्या परीक्षेत पास झाला होता, आणि काढून हातानं दाबला तर अर्धा रस्ता सुन्न, मग एकदम अडखळायचा. त्यापेक्षा नळकांड्याबाहेर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली लाल माती दिसते का, ते बघावं.

मेलेल्या शॉकअपनं नुसती पाठ दुखत नाही. चाकाचीही एक लय असते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. शॉकअप नसला की खडबडीत रस्त्यावर चाक त्या लयीत नाचतं, क्षणभर जमीन सोडतं. जमिनीला न टेकलेला टायर ब्रेकही लावू शकत नाही आणि वळणही घेऊ शकत नाही. आज्जीच्या पाठीमुळे आम्ही गाडीखाली गेलो, नाहीतर घाटात कधीतरी कळलं असतं.

म्हणून ठरलं ते असं: बफर काढायचे, स्प्रिंगा मूळच्याच ठेवायच्या, चारही शॉकअप नवे, पुढच्या दोन्हींच्या वरचं रबरी माउंट आणि त्यातलं बेअरिंग नवं, दबणं थांबवणारे रबराचे ठोकळे आणि धूळ अडवणारे बूट नवे, आणि पुढच्या आडव्या दांड्याचे बुश. दादा निराश. त्याला वाटलं होतं, आपण जाड स्प्रिंगा टाकून गाडी आणखी उचलू. बाबांनी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच मापाचा नवा भाग घालणं ही दुरुस्ती. मला त्यापेक्षा दुसरं कारण पटतं. शॉकअपच्या झडपा एका ठरावीक स्प्रिंगसाठी बेतलेल्या असतात. एकटी स्प्रिंग कडक केली तर तो शॉकअप तिची उसळी आवरू शकत नाही. दोघांची जोडी जमली पाहिजे, आणि कारखान्यानं ती आधीच जमवून दिलेली असते. आमच्या गाडीत ती विस्कटली होती एवढंच. शॉकअप नेहमी जोडीनं बदलावेत, एक नवा एक जुना घातला तर गाडी वळणावर दोन वेगळ्या स्वभावांची होते.

सामान आणलं. पुढची जोडी ३,१०० रुपये, मागची १,९००, माउंट-बेअरिंग ११००, बुश ६००, बूट-ठोकळे ५००. शुक्रवारी रात्रीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. लाल मातीच्या रस्त्यावर तेरा वर्षं चाललेली गाडी, सकाळी मारून दुपारी बोल्ट सुटत नाहीत.

शनिवारी मागची बाजू. अल्टोला मागं सरळ अ‍ॅक्सल आहे, त्यावर स्प्रिंग वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. घरी करायला याच्याइतकं सोपं काम नाही. तरी एक गंमत आहे. गाडी मागून उचलताना हँडब्रेकचा भरवसा नाही, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो आणि ती चाकं तर हवेत. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीत खाचा असतात तिथंच, आणि उचलली की लगेच लोखंडी स्टँड द्यायचे. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकवर चाक बदलावं, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नये. आम्ही काढलेली चाकंसुद्धा गाडीखाली आडवी टाकून ठेवली. स्टँड सरकलंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

मग अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक किंचित वर घेऊन टेकवायचा, कारण शॉकअपच अ‍ॅक्सलला खाली जाण्यापासून अडवत असतो. तो सोडवला की अ‍ॅक्सल लोंबतो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. एका वेळी एकच बाजू. वर एक नट, खाली एक बोल्ट. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा. दुकानात आडवे पडून त्यांच्यात हवा चुकीच्या जागी गेलेली असते. पहिल्या दाबाला तो गुळगुळ आवाज करतो, मग घट्ट होतो. दोन्ही झाले की अ‍ॅक्सल सावकाश खाली घेतला, स्प्रिंग सैल झाली आणि दादाचे बफर हातानं निघाले. रबरानं जिथं घासलं होतं तिथं स्प्रिंगचा रंग उडून गंजाची वर्तुळं झाली होती. दादानं तो फोटो काढला नाही.

खालचा बोल्ट आवळताना बाबांनी मला थांबवलं. शॉकअपच्या टोकाला रबरी बुश असतो. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पक्का आवळला तर बुश त्या लोंबत्या अवस्थेत पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. म्हणून आधी नुसता लावून घ्यायचा, गाडी चाकांवर उतरवायची आणि मग टॉर्क पान्यानं आवळायचा. किती, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पान्याला पाईप घालून 'बसला बघ' म्हणणं बाबांना चालत नाही. लेथवरचा माणूस.

संध्याकाळी चारला मागची बाजू संपली. आम्हाला फार माज आला.

रविवारी पुढची बाजू, आणि इथं थोडं सावकाश सांगते. पुढं अल्टोला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९४० च्या दशकात ही रचना आणली आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती दिसते. तिच्यात शॉकअप हाच चाकाला उभं धरणारा खांब, आणि स्प्रिंग त्याच खांबाभोवती दोन वाट्यांच्या मध्ये दाबून बसवलेली. जागा वाचते, भाग कमी लागतात. पण शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग उतरवावी लागते, आणि ती गाडीतून बाहेर काढल्यावरही दाबलेलीच असते. तिला कोंडून ठेवणारा एकच नट, वरच्या टोकाला, मधोमध. बॉनेट उघडलं की तो टोपीखाली दिसतो. तो नट गाडीवर असताना सोडायचा नसतो आणि स्प्रिंग दाबयंत्रात पक्की धरल्याशिवायही सोडायचा नसतो.

आकड्यांत सांगते. समजा एखादी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात. ती १५० मिलिमीटर दाबली तर जोर ३,००० न्यूटन, म्हणजे ३०० किलोंच्या आसपास. साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल. दहा किलोचा लोखंडी ठोकळा सव्वादोन मीटरवरून पडला तर जेवढी, तेवढी. फरक इतकाच की ठोकळा खालीच पडतो, स्प्रिंग कुठंही जाते.

स्ट्रट गाडीतून काढणं आम्हाला जमलं. या वेळी मागची चाकं जमिनीवर, म्हणून हँडब्रेक चालतो. ब्रेकची नळी स्ट्रटच्या कडीतून सोडवली. चाकाच्या सांध्याचे दोन जाड बोल्ट काढण्याआधी त्यांच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगानं खूण केली, म्हणजे परत लावताना चाकाचा कल फार बदलत नाही. स्ट्रट सुटला की तो सांधा बाहेर कलंडतो. त्याला तारेनं बांधून ठेवावं, नाहीतर एक्सल शाफ्ट आतून निसटतो आणि मग ते दुखणं वेगळं.

शेजारच्या काकांनी त्यांचं दाबयंत्र दिलं होतं. दोन लांब स्क्रू, प्रत्येकाला वरखाली आकडे. स्प्रिंगच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना लावायचे आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा, दोन-दोन फेरे आवळत जायचं. आम्ही तसंच करत होतो. माझं डोकं बाजूला, बाबांचं बाजूला, हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की एका आकड्याचं टोक झिजून गुळगुळीत झालंय. अर्ध्याहून जास्त दाबून झाल्यावर बाबा पाना बदलायला म्हणून मागं वळले, आणि 'थड्' असा आवाज झाला. आकडा अर्धा वेढा घसरला. स्प्रिंग एका बाजूनं फुगून केळ्यासारखी वाकडी झाली आणि अख्खा स्ट्रट फरशीवरून हातभर उडून भिंतीला लागला.

कुणाला काही झालं नाही. वरचा मधला नट आम्ही अजून हललासुद्धा नव्हता, म्हणून स्प्रिंग खांबावरच अडकून राहिली. दोन मिनिटांनी आवाज आला असता तर तो नट सुटलेला असता आणि बाबांचा हात बरोबर वरच्या वाटीवर असता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्ट्रटवर जुनी चाकं ठेवली, पोरांना अंगणातून घालवलं आणि पलीकडच्या चौकातल्या मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "हे घरात करायचं काम न्हाई री," म्हणाले. दुसरं पक्कं दाबयंत्र लावून त्यांनी ती वाकडी स्प्रिंग आधी धरली, मग आमचा आकडा सावकाश सोडवला. आणि दोन्ही स्ट्रट उचलून गॅरेजला नेले. त्यांच्याकडे भिंतीला पक्कं केलेलं यंत्र आहे, स्प्रिंगला वरून आणि खालून पूर्ण वाटीनं धरतं. वीस मिनिटांत दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या शॉकअपवर. बाजूला तीनशे रुपये. ते सहाशे रुपये वाचवायला आम्ही बसलो होतो.

मी तिथं उभी राहून बघितलं, त्यातलं कामाचं तेवढं सांगते. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला वाटीत एक पायरी असते, टोक तिथं बरोबर टेकलं पाहिजे, नाहीतर पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग फिरून बसते आणि 'टंग' करते. मधला नट आवळताना दांडा फिरू लागतो, तेव्हा हात शिवशिवतो त्याला पक्कड लावायला. लावायची नाही. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की तो रोज सीलमधून जातो आणि महिन्याभरात तेल बाहेर. वरून टोकाला धरायची सोय असते. आणि जुनी बेअरिंग हातात घेऊन फिरवली तर ती खरखर अडखळत होती. स्टिअरिंग जागेवर वळवताना आमच्या गाडीत जो 'टक्' आवाज यायचा, तो हाच. आम्ही दोन वर्षं तो स्टिअरिंगचा समजत होतो.

स्ट्रट परत बसवायचं काम घरी केलं, बाबांनीच, पण नेहमीपेक्षा हळू. दर बोल्ट लागला की कागदावर टीक मारायला त्यांनी मला बसवलं. आधी असं कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट, साडेतीनशे. हे टाळता येत नाही, खुणा कितीही नीट केल्या तरी स्ट्रट काढला की चाकांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर हलतं आणि टायर आतल्या कडेनं खातो.

गाडी दोन सेंटिमीटर खाली आली. गतिरोधकावर आता तिरकं चढवावं लागतं. दादा अजून त्यावर बोलतो.

पुढच्या शनिवारी बाबा आणि मी जांबोटीकडे गेलो. आज्जी गाडीकडे बघून आत गेली, तिला समजवायला अर्धा तास लागला. पुढच्या सीटवर पाठीला गोधडीची घडी, आणि बाबा तीसच्या वर गेले नाहीत. खड्डे होतेच. गाडी त्यांत जायची, बसायची, एकदाच वर यायची आणि थांबायची. किणये गेलं. आज्जी काही बोलेना. पिरनवाडीला आल्यावर बाहेर बघत म्हणाली, "रस्ता केल्यात की रे. चांगलं झालं." बाबांनी मागं माझ्याकडे बघितलं आणि "होय, केल्यात," म्हणाले.

पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे होते, ते तपासले. एक मागचा किंचित घेतला, बाकी जागेवर. अजून एक आवाज येतोय, मागून उजवीकडून, बारीक खडखड. दोन रविवार आम्ही तो शोधला. बाबा गाडीखाली, मी डिकीत बसून कान लावून. सापडला तो डिकीतच: जॅकचा दांडा. त्याभोवती आता आज्जीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलाय.